चारचाकीचा पक्का परवाना : आरटीओच्या चाचणीची तयारी कशी करावी

महाराष्ट्रातील प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातील आरटीओत, चारचाकीच्या पक्क्या परवान्यासाठी होणारी चाचणी काही मिनिटांत आटोपते आणि त्यातील बराचसा वेळ गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्येच असते. उमेदवाराला वेग किती घेता येतो, याच्याशी तेथे कोणाला कर्तव्य नसते. गाडी माणसाच्या चालीने चालवता येते का, चढावर थांबवून मागे न घसरता पुन्हा काढता येते का, अरुंद जागेत मागे घेता येते का आणि हे सर्व करताना चालकाची नजर आरशांकडे व आजूबाजूला फिरते का, हे मोटार वाहन निरीक्षकाला पाहायचे असते. म्हणूनच महिनाभर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरपर्यंत सफाईने गाडी चालवलेला उमेदवार ट्रॅकवरच्या पहिल्याच वळणात गाडी बंद पाडतो, आणि ज्याने सोसायटीच्या आवारात धीराने गाडी मागेपुढे करण्याचा कंटाळा केलेला नसतो, तो फारशी धाकधूक न होता पार पडतो. पुढील मार्गदर्शन गिअर असलेल्या खासगी हलक्या मोटार वाहनाच्या चाचणीपुरते आहे; दुचाकी आणि व्यावसायिक वाहने यांचा विचार येथे केलेला नाही.

मुदती आणि कागदपत्रे

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून तीस दिवस उलटल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही आणि शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते. चाचणी या दोन टोकांच्या मध्येच उरकावी लागते. शहरांतील कार्यालयांत चाचणीच्या वेळा भराभर भरतात. त्यामुळे शिकणे पूर्ण झाल्यावर निवांत वेळ घेऊ असे म्हणत बसणाऱ्याला पाचव्या-सहाव्या महिन्यात धावपळ करावी लागते आणि मुदत संपलीच, तर शिकाऊ परवाना नव्याने काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. माझ्या मते दुसऱ्या महिन्याच्या अखेरीची वेळ घेणे सर्वांत सोयीचे. तोपर्यंत हात पुरेसा बसलेला असतो आणि दुर्दैवाने नापास झालाच, तर पुन्हा प्रयत्न करण्यास पुरेसे दिवस हाताशी उरतात. ज्यांच्याकडे दुचाकीचा पक्का परवाना आधीपासून आहे, त्यांनाही चारचाकीसाठी शिकाऊ परवाना घ्यावाच लागतो, हे अनेकांना ऐन वेळी कळते.

अर्ज, शुल्क आणि चाचणीची वेळ हे सारे परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चाचणीचे शुल्क प्रत्येक वाहनप्रकारास ३०० रुपये आणि परवाना देण्याचे २०० रुपये आहे. त्यावर इतर आकार लागू शकतात आणि एकूण रक्कम अर्ज भरताना पडद्यावर दिसते. वय चाळीसच्या पुढे असेल, तर डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १ए, लागते. हा अर्ज भरण्यास एजंटची गरज नाही. ज्याला मोबाइलवरून रेल्वेचे तिकीट काढता येते, त्याला हा अर्जही भरता येईल. कोणी फॉर्म भरून देण्याचे पैसे घेत असेल, तर तो त्याचा व्यवसाय झाला; पण ‘पास करून देतो’ असे जो सांगतो, त्याच्यापासून दोन हात लांब राहावे.

शिकाऊ परवान्यावर गाडी चालवताना शेजारी पक्का परवाना असलेली, गाडी थांबवू शकेल अशी व्यक्ती बसलेली असणे बंधनकारक आहे. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात इंग्रजी ‘एल’ अक्षराची पाटी हवी. त्या अक्षराची उंची किमान दहा सेंटीमीटर असावी, असे नियम सांगतो. काचेवर बॉलपेनने काढलेल्या कागदी ‘एल’वर भागवू नये. चाचणीला स्वतःची किंवा नातेवाइकांची गाडी न्यायची असेल, तर ही पाटी लावलेली असावी आणि नोंदणी प्रमाणपत्र, विमा व पीयूसी ही तिन्ही कागदपत्रे चालू मुदतीची असावीत. पीयूसी संपलेली असल्यामुळे चाचणी न देताच परत फिरावे लागणे ही अगदी टाळण्याजोगी फजिती आहे.

क्लचपासून सुरुवात

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. सुरक्षिततेसाठी ते अत्यावश्यक आहेतच, परंतु त्यामुळे शिकणाऱ्याची एक फसगत होते. गाडी बंद पडणार असे दिसताच शेजारचा पाय नकळत क्लच दाबतो, वळणापूर्वी तोच पाय ब्रेक लावतो आणि शिकणाऱ्याला वाटते की, हे सारे आपणच केले. म्हणून शिकवणीच्या उत्तरार्धात एखाद्या मोकळ्या मैदानावर उस्तादांना स्पष्ट विनंती करावी की, ‘आज तुम्ही दोन्ही पाय मागे घेऊन बसा, गाडी बंद पडली तर पडू द्या.’ त्या दिवशी गाडी किती वेळा बंद पडते, यावरून तयारीचा खरा अंदाज येतो. अनेक स्कूलमध्ये एकाच गाडीत पाठोपाठ शिकणारे बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. तो अर्धा तास नेहमीच्याच सरळ रस्त्यावर संपत असेल, तर तक्रार करण्यात संकोच बाळगू नये.

हाफ क्लच ही सर्व चाचणीची किल्ली आहे. सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी, अ‍ॅक्सिलरेटरवरून उजवा पाय पूर्ण काढून ब्रेकच्या वर नुसता तयार ठेवावा आणि डावी टाच जमिनीला टेकवून क्लच अगदी हळूहळू सोडत जावा. एका ठरावीक बिंदूला इंजिनचा आवाज किंचित जड होतो, स्टिअरिंगवर बारीक थरथर जाणवते आणि बॉनेटचे टोक नाममात्र वर उचलल्यासारखे दिसते. तेथे पाय थांबवला की, गाडी रेस न देताच सरपटू लागते. बहुतेक नवशिके नेमक्या याच क्षणी घाईने पाय पूर्ण काढतात आणि गाडी हिसका देऊन बंद पडते. पाय त्या बिंदूवर दोन-तीन सेकंद स्थिर ठेवायचा, मग उरलेला क्लच सोडायचा, हे शरीरात मुरेपर्यंत दुसरे काहीही शिकण्याची घाई करू नये. प्रत्येक गाडीत हा बिंदू वेगळ्या उंचीवर असतो. जुन्या गाडीत तो बहुधा फार वर येतो. त्यामुळे ज्या गाडीने चाचणी द्यायची, त्याच गाडीवर शेवटचे काही दिवस सराव व्हायला हवा. शिकायचे एका गाडीवर आणि चाचणीच्या दिवशी दुसऱ्याच गाडीत बसायचे, ही व्यवस्था स्कूलला सोयीची असली, तरी उमेदवाराला महागात पडते.

हे जमले की, त्याच सरपटत्या चालीने मैदानाला फेऱ्या माराव्यात आणि क्लच किंचित दाबून वेग कमी, किंचित सोडून वेग जास्त, असा पायानेच वेग राखण्याचा सराव करावा. मागे घेतानाही हीच पद्धत वापरावी. रिव्हर्समध्ये रेस देण्याची गरज सपाट जागेवर जवळजवळ पडतच नाही आणि ट्रॅकवर खुणेला उभे केलेले खांब बहुतांशी रेस दिल्यामुळेच पडतात.

चढावर थांबून निघणे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये उमेदवाराला काय काय करता आले पाहिजे, याची लांबलचक यादी दिलेली आहे आणि तीत तीव्र चढावर गाडी थांबवून, मागे अजिबात न घसरू देता पुन्हा सुरू करणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. सर्वांत जास्त घाम याच भागात फुटतो, कारण मागून येणाऱ्या वाहनाची भीती मनात बसलेली असते.

रीत सोपी आहे, पण ती क्रमाने झाली पाहिजे. चढावर ठरलेल्या रेषेपाशी क्लच आणि ब्रेक दाबून गाडी उभी करावी आणि हँडब्रेक पूर्ण ओढावा. आता गाडी हँडब्रेकवर उभी आहे, त्यामुळे पायाचा ब्रेक सोडला तरी ती जागची हलणार नाही. हा विश्वास बसण्यासाठी सरावात एकदा मुद्दाम पाय काढून पाहावा. पहिला गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर थोडा, एकसारखा दाबून धरावा आणि क्लच हाफ क्लचच्या बिंदूपर्यंत सोडावा. इंजिनचा आवाज जड झाला आणि गाडीचा पुढचा भाग वर उचलू लागला की, गाडी पुढे जाण्यासाठी ओढ घेते आहे, असे समजावे. हँडब्रेक सोडण्याची वेळ हीच. त्याआधी सोडला तर गाडी मागे येते, आणि फार उशीर केला तर ती दबून बंद पडते. हँडब्रेकचे बटण दाबण्यापूर्वी तो किंचित वर ओढावा लागतो, नाहीतर बटण दबत नाही आणि ऐन चढावर हात झटापट करत राहतो, ही बारीक गोष्ट शिकवणारे सांगायला विसरतात.

पुण्यामुंबईत असा सराव करण्यास इमारतींच्या तळघरातील पार्किंगचे उतार उपयोगी पडतात, मात्र ते दुपारच्या निवांत वेळी, मागे कोणी नसताना आणि शेजारी जाणकार बसलेला असतानाच वापरावेत. अलीकडच्या काही गाड्यांत चढावर गाडी क्षणभर आपोआप धरून ठेवण्याची सोय असते. ती असलेल्या गाडीवर शिकलेल्याने हँडब्रेकची रीत स्वतंत्रपणे शिकून घ्यावी, कारण चाचणीची गाडी तशी असेलच असे नाही.

आठ, एच आणि समांतर पार्किंग

चाचणी नेमकी कशी घेतली जाते, हे कार्यालयागणिक बदलते. काही ठिकाणी निरीक्षक शेजारी बसून कार्यालयाजवळच्या रस्त्यावर गाडी चालवायला लावतात, काही ठिकाणी आखलेल्या ट्रॅकवर आठ किंवा एच काढायला, म्हणजे आठच्या आकड्याच्या किंवा इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकारात गाडी फिरवायला सांगतात. पुण्याच्या उमेदवारांची चारचाकीची चाचणी भोसरीजवळ नाशिक फाट्याच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण व संशोधन संस्थेतील संगणकीकृत ट्रॅकवर घेतली जात आली आहे. तेथील वळणे आणि चढ पाहिल्याशिवाय तयारी पुरी झाली, असे समजू नये. ज्या कार्यालयात चाचणी आहे, तेथे आठवडाभर आधी सकाळी जाऊन इतरांची चाचणी कडेला उभे राहून पाहावी. कोठून शिरायचे, कोठे थांबायचे, कोणत्या वळणावर लोकांची गाडी रेषेला लागते, हे अर्ध्या तासात ध्यानात येते आणि त्या अर्ध्या तासाची बरोबरी कोणत्याही व्हिडिओला येत नाही.

आठ काढताना लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच, ती म्हणजे मागचे चाक पुढच्या चाकाच्या मार्गावरून जात नाही, ते वळणाच्या आतून कापत जाते. पुढचे चाक आतल्या रेषेला चिकटवून वळणाऱ्याचे मागचे चाक हमखास रेषेवर चढते. म्हणून गाडी बाहेरच्या रेषेच्या बाजूला ठेवून वळावे आणि वळताना आतल्या बाजूच्या आरशात मागचे चाक पाहत राहावे. दोन वर्तुळे जेथे मिळतात, तेथे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे लागते. वेग जास्त असेल, तर हात मागे पडतात. तेथे पोहोचण्याआधीच क्लच थोडा दाबून गाडी जवळपास थांबत आली, तरी काही बिघडत नाही. ट्रॅकवर सावकाश जाण्याबद्दल कोणी नापास झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

एच मध्ये एका उभ्या पट्टीत गाडी पुढे न्यायची, मग मागे घेत मधल्या आडव्या पट्टीतून दुसऱ्या उभ्या पट्टीत शिरायचे, असा साधारण प्रकार असतो. नेमका क्रम त्या ठिकाणच्या फलकावर पाहावा किंवा निरीक्षकांना विचारून घ्यावा. विचारल्याने गुण कमी होत नाहीत. मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल, त्या बाजूला गाडीचा मागचा भाग जातो. हे सर्वांना तोंडपाठ असते, तरी घाईत हात उलटे फिरतात. त्यामुळे गोंधळ वाटताच गाडी पूर्ण थांबवावी आणि मागचा भाग कोणत्या बाजूला न्यायचा आहे, एवढाच विचार करून हात त्या बाजूला फिरवावा. दुसरी अडचण पुढच्या भागाची. मागचा भाग डावीकडे वळू लागला की, बॉनेट उजवीकडे बाहेर फेकले जाते, आणि उमेदवाराचे सारे लक्ष मागे असल्यामुळे खांब पुढच्या बंपरला लागून पडतो. मागे, दोन्ही आरशांत आणि मग पुढच्या कोपऱ्याकडे, अशी नजर फिरवत राहण्याची सवय लावावी. सराव करण्यासाठी पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत थोडी वाळू भरून त्या खुणेला ठेवल्या, तर खांबांचे काम भागते आणि गाडीलाही ओरखडा येत नाही.

समांतर पार्किंग सर्व ठिकाणी विचारले जात नाही, पण शिकून घेण्यात फायदाच आहे. पुढे उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी दोन-अडीच फूट अंतर ठेवून आपली गाडी उभी करावी, दोन्ही गाड्यांचे मागचे बंपर एका रेषेत आणावेत आणि मग डावीकडे पूर्ण स्टिअरिंग फिरवून सावकाश मागे यावे. उजव्या आरशात मागच्या गाडीचा पुढचा भाग पूर्ण दिसू लागला की, स्टिअरिंग सरळ करून थोडे मागे यावे, आणि आपले डावे पुढचे टोक पुढच्या गाडीच्या बंपरच्या पलीकडे सुरक्षित गेल्यावर उजवीकडे पूर्ण फिरवावे. पहिल्या प्रयत्नात चाक फुटपाथला टेकत असेल, तर डावीकडचे वळण उशिरापर्यंत धरून ठेवले गेले, असे समजावे.

रस्त्यावरची वागणूक

रस्त्यावरच्या चाचणीत निरीक्षक शेजारी बसलेले असतात आणि त्यांना तुमच्या मनातले दिसत नाही, फक्त हालचाली दिसतात. आरशात नुसते डोळे फिरवणारा उमेदवार त्यांच्या दृष्टीने आरसा न पाहणाराच ठरू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी, लेन बदलण्यापूर्वी, वळण्यापूर्वी आणि थांबण्यापूर्वी मान किंचित वळवून आरसा पाहावा. नियम १५ मध्येही आरसा आधी आणि इशारा नंतर, असाच क्रम अपेक्षित आहे. इंडिकेटर आधी देऊन मग आरसा पाहणे ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय आहे. सरावाच्या पहिल्या दिवसापासूनच ती लागू देऊ नये.

गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने ठेवावी. चौकापूर्वी वेग कमी करून उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहावे. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर कोणी रस्ता ओलांडत असेल, तर पूर्ण थांबावे. मागचा रिक्षावाला कितीही हॉर्न वाजवत असला, तरी थांबावे. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्या वाहनाला प्रथम जाऊ द्यावे. अरुंद चढावर समोरासमोर वाहने आली, तर वर चढणाऱ्याचा हक्क पहिला आणि उतरणाऱ्याने थांबायचे. उतारावर गाडी न्यूट्रल करणे हा इंधन वाचवण्याचा उपाय नसून ताबा घालवण्याचा मार्ग आहे. खंबाटकीसारख्या घाटात गाडी चालवणारे जुने चालक ज्या गिअरमध्ये चढतात, त्याच गिअरमध्ये उतरतात आणि चाचणीतही उतारावर खालचा गिअर टाकता येणे अपेक्षित असते. हॉर्न विनाकारण वाजवू नये. नवशिका घाबरला की, त्याचा हात हॉर्नवर जातो, हे निरीक्षकांना पुरते ठाऊक असते.

हाताचे इशारे आता रस्त्यावर क्वचितच दिसतात, तरी निरीक्षक ते विचारतात. उजवीकडे वळताना उजवा हात खिडकीबाहेर आडवा, तळवा पुढे करून सरळ धरायचा. डावीकडे वळताना तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा. वेग कमी करताना तळवा जमिनीकडे ठेवून हात सावकाश वरखाली करायचा, थांबताना कोपरापासून हात वर उभा करायचा आणि मागच्याला पुढे जाऊ देताना आडवा हात मागून पुढे झुलवायचा. रस्त्यावरच्या चिन्हांबाबत आकारावरून ओळखण्याची सवय पुरते. आज्ञा देणारी चिन्हे बहुतेक गोल, धोक्याची सूचना देणारी त्रिकोणी आणि माहिती देणारी निळी चौकोनी असतात. थांबण्याचे लाल अष्टकोनी चिन्ह आणि उलट्या त्रिकोणाचे ‘मार्ग द्या’ हे चिन्ह तेवढे अपवाद म्हणून लक्षात ठेवावे.

चाचणीचा दिवस

आदल्या रात्री शिकाऊ परवाना, वेळ घेतल्याची छापील प्रत, शुल्काची पावती, आधार कार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याची मूळ प्रत एका फाइलमध्ये घालून ठेवावी. पायात घट्ट बसणारे, पातळ तळव्याचे बूट असावेत. चप्पल पेडलवरून सटकते आणि पावसाळ्यात ओल्या तळव्याचा पाय क्लचवर टिकत नाही. नेमलेल्या वेळेच्या आधी पोहोचावे, पण त्या वेळात शेजारच्या गल्लीत शेवटचा सराव करण्याचा मोह आवरावा. शेवटच्या क्षणी एकदा गाडी बंद पडली, तर ती धास्ती ट्रॅकवरही सोबत येते.

गाडीत बसल्यावर आधी सीट, मग आरसे. सीट हलवण्यापूर्वी आरसे लावणाऱ्याला ते पुन्हा लावावे लागतात. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्यावी. मधल्या आरशात मागची पूर्ण काच दिसावी आणि बाजूच्या आरशांत आपल्या गाडीची कड नाममात्रच दिसावी. सीट बेल्ट लावावा, गिअर न्यूट्रल आहे ना हे हलवून पाहावे, हँडब्रेक ओढलेला आहे ना हे पाहावे आणि मगच चावी फिरवावी. ही तयारी सावकाश, निरीक्षकांना दिसेल अशी करावी. इंजिन सुरू करण्यापूर्वीची खबरदारी हासुद्धा नियमातील परीक्षेचा भाग आहे, तेव्हा त्यात घालवलेली मिनिटे वाया जात नाहीत.

सूचना नीट ऐकू आली नाही, तर ‘साहेब, डावीकडे ना?’ असे विचारावे. अंदाजाने उजवीकडे वळण्यापेक्षा ते केव्हाही बरे. गाडी बंद पडली, तर ती बंद पडली. ब्रेक दाबावा, हँडब्रेक ओढावा, न्यूट्रल करावे, पुन्हा सुरू करावी, आरसे पाहावेत आणि निघावे. एकदा गाडी बंद पडण्यापेक्षा त्यानंतरची घाई अधिक नुकसान करते, कारण घाईत उमेदवार आरसा न पाहता, गिअरमध्येच चावी फिरवतो आणि गाडी उडी मारते. खांब पडला किंवा गाडी मागे घसरली, तर तेथेच डोक्याला हात लावून बसू नये. पुढचा भाग नीट पूर्ण करावा, निर्णय निरीक्षकांचा आहे.

निकालानंतर

नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते आणि त्या वेळी चाचणीचे शुल्क पुन्हा भरावे लागते. तीन वेळा नापास झाल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९ मध्ये ही तरतूद आहे. नापास झाल्यावर निरीक्षकांना कारण नम्रपणे विचारून घ्यावे आणि पुढच्या सरावात तेवढ्याच एका गोष्टीवर वेळ घालवावा. चढावर गाडी मागे गेली म्हणून नापास झालेला उमेदवार पुढचे सात दिवस पुन्हा हमरस्त्यावर गाडी चालवत राहिला, तर आठव्या दिवशीही गाडी मागेच जाणार.

२०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातून अभ्यासक्रम व तेथील चाचणी पूर्ण केलेल्यास आरटीओच्या चाचणीतून सूट मिळण्याची तरतूद आहे. गल्लीतील प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूल हे असे केंद्र नसते, त्यामुळे त्या आश्वासनावर फी भरण्यापूर्वी केंद्राची मान्यता तपासून घ्यावी.

पास झालेल्यांचे कार्ड टपालाने घरी येते. म्हणून अर्जातील पत्ता आणि पिन कोड अचूक असावा आणि टपाल येईल त्या काळात घरी कोणीतरी असेल असे पाहावे. कार्ड हाती येण्यापूर्वी परवाना क्रमांक मिळाला असेल, तर तो डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये उतरवून घ्यावा. तेथील परवाना पोलिसांना दाखवण्यास ग्राह्य धरला जातो. कार्ड आल्यावर नाव, जन्मतारीख आणि वाहनप्रकार तपासावा. आधीचा दुचाकीचा परवाना असणाऱ्यांनी दोन्ही प्रकार त्यावर नोंदले गेले आहेत ना, हे विशेष पाहावे. तिशीच्या आतील व्यक्तीला मिळालेला खासगी वाहनाचा परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो, तीस ते पन्नास वयात मिळालेला दहा वर्षे. मुदत संपल्याची तारीख कार्डावरच छापलेली असते, ती त्याच दिवशी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवावी आणि गाडीच्या पुढची व मागची ‘एल’ची पाटी काढून टाकावी.